परसातली घरटी आणि दारात आलेलं जनावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या कडेला, जिथं प्लॉटिंग संपतं आणि सोयाबीन सुरू होतं, तिथं आमचं घर. बारा वर्षं झाली, फावल्या वेळात चिमण्यांसाठी लाकडी पेट्या करून देतो. पेटी नेणारा पहिल्या महिन्यात विचारतो, "दादा, चिमणी का येईना?" आणि पावसाळ्यात त्याच माणसाचा रात्री साडेदहाला फोन येतो, "दादा, परसात जनावर निघालंय." त्याला वाटतं हे दोन वेगळे विषय. परस एकच असतं. दाणे सांडले की उंदीर येतो, उंदरामागं धामण येते, धामणीमागं मुंगूस येतं. म्हणून पेटीचे प्रश्न आणि जनावरांचे प्रश्न इथं एकत्रच घेतलेत.

प्र. लहानपणी घरात चिमण्या असायच्या. आता का नाहीत?

घर बदललं म्हणून. आपल्याकडचं जुनं घर माळवदाचं. दगड-मातीची रुंद भिंत, लाकडी खांब, तुळया, त्यावर लाकडी पाटन आणि वर मातीचा थर. तुळई भिंतीत शिरते तिथली फट, खुंटीमागची पोकळी, तिरक्या टांगलेल्या फोटोमागची जागा, अशी चिमणीला दहा ठिकाणं मिळायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि तेच माळवद माणसांच्या अंगावर आलं. त्यानंतर लातूर-धाराशिव भागात दगड-मातीचं घर बांधायला कुणी धजेना. ते बरोबरच झालं. हजारो माणसं गेली तिथं चिमणीच्या फटीचा हिशेब कोण करणार? पण सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत चिमणीला पाय ठेवायलाही जागा नसते, हेही खरं.

दुसरं कारण शेतात आहे. ज्वारी-बाजरीची जागा सोयाबीननं घेतली. कणसावर बसून दाणा टिपणाऱ्या पाखराला सोयाबीनचा काय उपयोग? वर फवारणी. मोठी चिमणी दाण्यावर जगते, पण पिल्लाला ती अळ्या आणि किडे भरवते. अळीच नसेल तर पेटी कितीही देखणी असो, पिल्लं वाढत नाहीत.

प्र. पेटीचं माप काय ठेवायचं?

सुताराला असं सांगा: तळ आतून पाच ते सहा इंच चौरस, उंची नऊ-दहा इंच, भोक सव्वा ते दीड इंचाचं, तळापासून निदान पाच इंच वर. भोक दोन इंचाचं झालं की ती साळुंकीची पेटी झाली. चिमणी त्यात टिकत नाही, साळुंकी तिला हुसकून लावते. एवढा एक आकडा नीट ठेवला तर बाकीचं इकडंतिकडं झालेलं चालतं.

फळी पाऊण इंच जाड असावी. जुन्या दाराची, पलंगाची, कशाचीही. प्लायवूड दोन पावसाळ्यांत फुगतं. छपराची फळी पुढं दोन इंच बाहेर काढा. तळाच्या चारी कोपऱ्यांत दोन-दोन सुताची (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भोकं ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. छपराखाली दोन्ही बाजूंनी दोन सूत फट ठेवा, गरम हवा तिथून निघून जाते. आतून रंधा मारू नका. रंधा मारलेल्या फळीवर पिल्लाची नखं रुतत नाहीत आणि ते भोकापर्यंत चढू शकत नाही. फळी आधीच गुळगुळीत असेल तर भोकाखाली करवतीनं चार आडव्या रेघा ओढा. आतून रंग नको. बाहेरून कच्चं जवसाचं तेल चोळलं की पुरे.

आणि भोकासमोरची ती बसायची दांडी! विकतच्या प्रत्येक पेटीला असते, फोटोत छान दिसते. चिमणीला तिची गरज नसते. तिच्यावर कावळा बसतो, साळुंकी बसते आणि आत चोच घालते. आणलेली असेल तर आधी दांडी उपटून फेका.

प्र. पेटी कुठं आणि कोणत्या तोंडानं लावायची?

छज्जाखाली, आठ-दहा फुटांवर, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. आपल्याकडं दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन मारतं आणि पाऊसही बहुतेक नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून ह्या दोन बाजूंना पाठ.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझी पहिली "पेटी" म्हणजे तेलाचा पत्र्याचा डबा होता, कापून, भोक पाडून, वर हिरवा रंग देऊन गच्चीच्या पश्चिमेच्या कठड्याला बांधलेला. मार्चमध्ये चिमणीनं काड्या नेल्या, आम्ही घरभर आनंदानं नाचलो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आतला चिवचिवाट दुपारी अचानक थांबला. संध्याकाळी डबा उतरवताना तो हाताला चटका देत होता. आत तीन पिल्लं, चोची उघड्या. तेव्हापासून पत्रा, प्लास्टिक आणि उन्हातली भिंत, तिन्ही बंद.

पेटी घट्ट बसवा, झोके घेणारी नको. खालून मांजराला चढायला जिना, कठडा, दुचाकी काही नको. आणि ज्या खोलीत छताचा पंखा फिरतो तिथं चिमण्यांना सवय लावू नका. त्या पंख्याला धडकून मरतात.

प्र. सहा महिने झाले, कुणीच आलं नाही. पेटी काढू का?

नका काढू. काही पेट्या पंधरा दिवसांत भरतात, काहींना दोन वर्षं लागतात. आधी बघा की आसपास शंभर-दोनशे पावलांत चिमण्या आहेत का. नसतील तर पेटी त्यांना लांबून बोलावून आणत नाही. असतील तर त्यांना झुडूप द्या. मेंदी, बोर, बोगनवेल, काहीही दाट. चिमण्या संध्याकाळी झुडपात जमून गोंधळ घालतात आणि घर निवडतात ते त्या झुडपाच्या आसपास. अंगणाला पूर्ण फरशी घातली असेल तर कोपऱ्यात दोन फूट माती उघडी ठेवा. त्यांना धुळीत अंघोळ लागते. चिमण्या घोळक्यानं राहतात, म्हणून एका भिंतीवर तीन-चार पेट्या शेजारी शेजारी लावल्या तरी भांडण होत नाही.

प्र. पेटीत सुगरण राहील का? बुलबुल?

नाही. पेटी कुणाला चालते? जे पक्षी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या फटीत राहतात त्यांना. चिमणी, साळुंकी, दयाळ, मोठी पेटी असेल तर पिंगळा, म्हणजे छोटं घुबड. सुगरण आपला खोपा स्वतःच विणते, तोही विहिरीवर वाकलेल्या बाभळीला, जिथून साप खाली पाण्यात पडेल. बुलबुल वाटीसारखं घरटं झुडपात बांधतो, शिंपी पानं शिवतो, शिंजीर लोंबतं घरटं करतो, कधी कधी तुमच्या कपडे वाळवायच्या तारेला. ह्यांच्यासाठी पेटी नको, छाटणी थांबवा. फेब्रुवारी ते पावसाळा संपेपर्यंत कुंपणाला कात्री लावण्याआधी आत डोकावून बघितलं तरी पुष्कळ झालं.

प्र. दाणे काय आणि किती टाकायचे?

ज्वारी, बाजरी, तांदळाच्या कण्या. ओंजळभर, सकाळी, तेवढेच जे तासाभरात संपतील. सगळ्यात चांगलं म्हणजे ज्वारीची चार कणसं बांधून छज्जाला टांगा. सांडत नाही, कबुतरांना नीट बसता येत नाही आणि चिमण्या लटकून खातात. फरसाण, चिवडा, खारे शेंगदाणे नको. मीठ त्यांना सोसत नाही.

संध्याकाळी उरलेले दाणे झाडून घ्या. ज्यांच्या अंगणात रात्रभर दाणे पडलेले असतात त्यांच्याच घरून मला साप निघाल्याचे फोन जास्त येतात. योगायोग समजायचा तर समजा.

प्र. पाण्याचं काय?

मातीचं परळ, दोन इंच खोल, मध्ये एक दगड, सावलीत. रोज धुवा, नाहीतर डासांच्या अळ्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायला लागलं, तेव्हा आमच्या गल्लीत हंड्यांवरून भांडणं व्हायची. तरी समोरच्या काकू भाज्या धुतलेलं पाणी परळात ओतत. त्या उन्हाळ्यात त्यांच्या परळावर एका वेळी चिमण्या, होला, साळुंक्या आणि एक खार, सगळे एकमेकांकडं न बघता पाणी पीत होते.

प्र. पेटीत खार शिरली. साळुंकीनं काड्या भरल्या. काढून टाकू?

घरटं चालू झालं असेल तर हात लावू नका, कुणाचंही असो. हंगाम संपल्यावर भोकाभोवती पत्र्याची चकती ठोका, बरोबर सव्वा इंच भोकाची. खार लाकूड कुरतडून भोक मोठं करते, पत्रा कुरतडता येत नाही. मुंगळे चढत असतील तर पेटी बांधलेल्या तारेला बोटभर ग्रीस लावा.

प्र. पेटी साफ कधी करायची?

दिवाळीनंतर, आत कुणी नाही याची खात्री करून. नाकाला रुमाल, जुनं गवत बाहेर, आतून कोरड्या ब्रशनं झाडून एक दिवस उन्हात. औषध, फिनेल काही नको.

प्र. पिल्लू खाली पडलंय, हात लावला तर आई टाकून देईल ना?

नाही. माणसाचा वास लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. टाकतात, ही आपल्या आजीनं आपल्याला पिल्लांपासून लांब ठेवायला सांगितलेली गोष्ट. पिल्लू उघडंनागडं असेल तर उचलून पेटीत परत ठेवा. पिसं आलेली असतील, टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय. मांजर लांब करा, त्याला झुडपाच्या फांदीवर ठेवा आणि आत जा. तुम्ही उभे असेपर्यंत आई खाली येत नाही. चोचीत थेंब थेंब पाणी सोडू नका, ते फुप्फुसात जातं. दूध-ब्रेड तर मुळीच नको. चिमणी अंडी घालते तीन ते पाच, अकरा-चौदा दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पुढं साधारण पंधरवड्यात उडतात. म्हणजे तुमची धावपळ महिनाभराचीच आहे.

पंख मोडला असेल, मांजा गुंडाळला असेल, तर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा वन विभागाच्या १९२६ ह्या नंबरवर फोन करा.

प्र. घरामागच्या कडुनिंबावर पिंगळा ओरडतो. आई म्हणते अशुभ. खरं का?

आईंना सांगा, पिंगळा आहे तिथं उंदीर कमी आहेत. तो आणि गव्हाणी घुबड, जे जुन्या वाड्यात, गढीत, पाण्याच्या टाकीत राहतं, दोघंही रात्रभर उंदीर मारतात. गव्हाणी घुबडाचं तोंड पांढरं, बदामी आकाराचं, आणि ते फुसफुसतं, म्हणून माणसं घाबरतात. दिवाळीच्या सुमारास घुबडांना पैशाच्या नादी लागून बळी देणाऱ्यांकडून धोका असतो. तुमच्या झाडावर घुबड आहे हे गावभर सांगत सुटू नका.

प्र. घरात किंवा परसात साप दिसला. पहिलं काय करू?

नजर त्याच्यावर ठेवा आणि आठ-दहा फूट लांब उभे राहा. एकानं बघत राहायचं, दुसऱ्यानं मुलं आणि कुत्रं आत घ्यायचं, तिसऱ्यानं सर्पमित्राला किंवा १९२६ ला फोन. काठी, रॉकेल, धूर काही नको. साप मारायला गेलेल्यालाच तो डसायची शक्यता जास्त. मोबाईलवर व्हिडिओ काढायला जवळ जाणारा हा आता नवा प्रकार झालाय.

विषारी साप आपल्याकडं मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. परसात सगळ्यात जास्त दिसते ती धामण, बिनविषारी, लांबलचक, उंदरांचा काळ. ती झाडावर चढते आणि पिल्लंही खाते, तेवढं मान्य करा. ती गाईच्या पायाला वेढा घालून दूध पिते हे मात्र मान्य करू नका. कुठलाच साप दूध पीत नाही. घोळ होतो तो मण्यार आणि बिनविषारी कवड्याचा. मण्यार काळी-निळसर चकचकीत, पांढरे पट्टे डोक्यापासून थोडं मागं सुरू होतात आणि शेपटीकडं ठळक. कवड्या तपकिरी, पट्टे मानेपासूनच, पुढच्या भागात ठळक. हे वाचून तुम्ही रात्री टॉर्चच्या उजेडात ओळखाल, असं मला वाटत नाही. लांबच राहा.

साप येऊ नये म्हणून दारात फिनेल, गंधक, लसूण असलं काही पसरण्यापेक्षा भिंतीला टेकवलेल्या विटा आणि तुराट्या-पळाट्यांची रास घरापासून लांब न्या. मोरीच्या पाइपाला जाळी लावा. कोंबड्यांचं खाद्य डब्यात ठेवा.

प्र. पान लागलं, म्हणजे साप चावला, तर?

थेट दवाखाना. मांत्रिक नाही, मंदिर नाही, मिरची किंवा कडुनिंब चाखून बघणं नाही. करकचून दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, चोखू नका. अंगठी, बांगडी, पैंजण, जोडवी काढा, कारण सूज येते. हात किंवा पाय काठी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा, गाडी जवळ असेल तर वाट बघू नका. साप पकडून न्यायची गरज नाही. आपल्याकडं मिळणारं प्रतिसर्पविष चारही सापांवर चालतं.

मण्यारीबद्दल वेगळं सांगतो. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावा बहुधा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. घरचे म्हणतात पित्त झालंय. पावसाळ्यात खाली झोपलेला माणूस पहाटे असा उठला तर पित्ताची गोळी शोधू नका, गाडी काढा. खाली झोपणं टळत नसेल तर मच्छरदाणी लावून कडा गादीखाली खोचा.

प्र. रात्री पत्र्यावर धाडधाड काय धावतं?

बहुतेक उदमांजर. मांजरापेक्षा लांब, काळपट, शेपटी अंगाएवढी. पपई, चिकू, उंदीर, कोंबडीची पिल्लं, सगळं खातं. माणसाला काही करत नाही. खुराडं रात्री नीट बंद करा, पत्र्यावर आलेली फांदी छाटा.

प्र. वानरांचा त्रास आहे. खायला दिलं तर शांत होतील का?

उलट होईल. काळ्या तोंडाची वानरं मूळची पाला खाणारी. मारुतीचं रूप म्हणून केळी-बिस्किटं दिली की ती घर ओळखतात, आणि पुढच्या वेळी हातातली पिशवी ओढतात. समोर आली तर डोळ्याला डोळा भिडवू नका, दात दाखवून हसू नका, पळू नका, बाजूनं निघून जा. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, घरांवर नेत होती. शेवटी वन विभागानं दोन वानरं पकडून नेली. गलोल आणि दगडानं असं प्रकरण मिटत नाही, चिघळतं.

प्र. कुत्रं गायब झालं. बिबट्या आलाय का?

येऊ शकतो. डिसेंबर २०१९ मध्ये छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाचं औरंगाबाद) सिडको एन-१ मध्ये शिरलेला बिबट्या बेशुद्ध करून पकडला होता. गोदाकाठच्या उसाच्या पट्ट्यात तर तो राहतोच. २०२४ च्या अखेरीस येडशीच्या अभयारण्यात यवतमाळच्या टिपेश्वरहून आलेला वाघ कॅमेऱ्यात दिसला, त्यामुळं "इथं असलं काही नसतं" म्हणायचे दिवस गेले. पण दर वेळी बिबट्याच असतो असं नाही. मला दाखवलेल्या दहा "बिबट्याच्या" ठशांपैकी बरेच कुत्र्याचे निघतात. ठशात नखं उमटली असतील तर कुत्रा, लांडगा किंवा तरस. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. तरसाची पाठ मागं उतरती, अंगावर पट्टे, मानेवर आयाळ. मेलेली जनावरं टाकायच्या जागेवर ते येतंच, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही.

बिबट्या खरंच असेल तर अंधारात बाहेर शौचाला एकट्यानं जाऊ नका. बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. टॉर्च, काठी, मोबाईलवर गाणं लावून चाला. अंगणात कुत्रं उघड्यावर बांधणं म्हणजे आमंत्रण, गोठ्याला दार करा. गर्दी करून त्याला कोंडू नका. माणसं जखमी होतात ती बहुतेक अशा गर्दीत.

प्र. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली.

तोड तिथंच थांबवा, पिल्लं हातात घेऊन फोटो काढू नका, १९२६. वन विभाग ती संध्याकाळी त्याच जागी ठेवतो आणि आई बहुधा रात्रीत घेऊन जाते. न्यायला आलेली आई आणि आपण एका फडात नको.

प्र. शेळी मारली, पिकात रानडुकरं शिरली. भरपाई मिळते?

मिळते. शेळी-गाईच्या बाबतीत ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका. ह्या एका चुकीनं सगळ्यात जास्त अर्ज फेटाळले जातात. पिकाचं नुकसान असेल तर तीन दिवसांत अर्ज. फोटो काढून ठेवा.

प्र. पोपटाचं पिल्लू सापडलं, पिंजऱ्यात ठेवू?

नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली देशी पोपट पाळणं गुन्हा आहे, प्रेमानं पाळला तरी.

प्र. तुमच्या स्वतःच्या घरी किती पेट्या आहेत? सगळ्या भरल्यात का?

सहा. दोन चिमण्यांच्या, गेली चार वर्षं सलग. एक खारीनं बळकावली, तिनं बायकोच्या जुन्या स्वेटरची लोकर आत भरलीय. एकीत पाल राहते. एक पिंगळ्यासाठी लिंबावर लावली होती, त्यात साळुंक्या आहेत आणि पिंगळा तिच्याच छपरावर बसून ओरडतो. सहावी रिकामी. तिचं भोक दोन सूत मोठं झालंय, ते मला लावल्यावर कळलं. दिवाळीनंतर उतरवून पत्रा मारायचाय.